यंत्राच्या पोटी यंत्र

आमचे सर जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या आषाढात एका रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. "अरे, ह्यांचा तो जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडलाय. घर आवरायला काढलंय. भंगारवाला उद्या यायचाय. त्यात ह्यांचं काही राहिलं असेल तर बघून जा बाबा."

मी चहाचा कप तसाच ठेवून निघालो. त्या यंत्रात सरांचे 'काही' म्हणजे काय होते, ते मला चांगले ठाऊक होते. निवृत्तीनंतरची बारा वर्षे सर सातारा जिल्ह्यातल्या गावोगाव हिंडले होते आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलून त्यांनी शेतीच्या शब्दांचा संग्रह केला होता. मोट गेली, तिच्यामागे नाडा आणि सोंदूर गेले. लाकडी नांगर गेला, त्याच्याबरोबर रुमणे गेले. वस्तू गेली की शब्द पोरका होतो आणि पोरका शब्द फार दिवस तग धरत नाही, असे सर म्हणत. अशा सुमारे चार हजार पोरक्या शब्दांना त्यांनी आपल्या त्या यंत्रात आसरा दिला होता. मूळची हस्तलिखित कार्डे वाळवीने केव्हाच फस्त केली होती. छापील प्रत नव्हती. जे काही होते ते त्या धूळ खाल्लेल्या पेटीत.

यंत्र घरी आणले. पुसूनपासून सुरू केले. पाऊण मिनिट ते नुसतेच घुरघुरले. मग बऱ्याच वेळाने पडद्यावर विंडोज एक्सपीची ती हिरवीगार टेकडी उगवली. सरांच्या फाइली जागच्या जागी होत्या. एक उघडली, तर सरांची अक्षरे डोळ्यांपुढे उभी! मी घाईघाईने साऱ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. हे शहाणपण मला कोठून सुचले ते देव जाणे. कारण तिसऱ्या दिवशी त्या यंत्राच्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला आणि चौथ्या दिवशी तोही थांबला.

फाइली आपल्या हाती आहेत, या आनंदात मी माझा लॅपटॉप उघडला. पण तेथे सरांच्या शब्दांच्या जागी रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि कंस यांची खिचडी. एक मराठी अक्षर दिसेल तर शपथ!

याचे कारण थोडक्यात सांगितले पाहिजे. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ती युनिकोड नावाच्या जागतिक संकेताने. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा असा क्रमांक आहे, आणि तो १९९१ सालापासून आहे. पण आपल्याकडे तो रुळायला पुढची पंधरा-वीस वर्षे गेली. तोवर छापखान्यांतून आणि घरोघर जे मराठी टंक वापरले जात, ते इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांना बसवीत. प्रत्येक टंकाची घरे निराळी. तो टंक आणि तो प्रोग्रॅम जवळ असेल तोवर मराठी दिसते. नसेल तर ही खिचडी. सरांनी मजकूर जुळवला होता तो पानमांडणीच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये. तो प्रोग्रॅम माझ्या नव्या लॅपटॉपवर चढायला तयार नव्हता, आणि मराठी टंकाच्या प्रोग्रॅमला तर एक कुलूपही होते. यूएसबीच्या खोबणीत बोटाएवढे एक उपकरण खोचावे तेव्हाच तो चाले. कुलूप काकूंनी शिवणाच्या डब्यात जपून ठेवले होते. दोन्ही प्रोग्रॅमच्या तबकड्या आणि एक्सपीचा विकत घेतलेला खोकाही कपाटात मिळाला. किल्ली, कुलूप, कागदपत्रे सारे हाती. फक्त घर तेवढे पडलेले!

आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एक तरुण प्राध्यापिका आहेत. एके काळी त्या माझ्या मराठीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत. त्यामुळे मी त्यांना अजून 'अगं'च म्हणतो. तिच्याकडे मी हे गाऱ्हाणे नेले. वाटले, ती कोठून तरी दुसरा जुना संगणक मिळवून देईल. ती हसली.

"सर, जुन्याच्या मागे कशाला लागता? तोही वर्षा-दोन वर्षांत मरेल. आपण नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवू."

"पोटात? तो मावणार कसा?"

"मावतो. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. फक्त नवा कॉम्प्युटर नीट पारखून घ्यायला हवा. दुकानदाराच्या नादी लागू नका."

मी दुकानदाराच्या नादी लागलोच, ती कथा पुढे येईल. पण आधी हे पोटातले यंत्र काय प्रकरण आहे, ते मला जसे समजले तसे सांगतो.

व्हर्च्युअल मशीनला आपल्याकडे 'आभासी यंत्र' म्हणू लागले आहेत. भाषेचा मास्तर म्हणून मला हा शब्द खटकतो. आभास म्हटला की आपल्यापुढे दोरीवरचा साप येतो. जवळ गेले की नाहीसा होणारा. हे यंत्र तसे नाही. ते खरोखर बेरीज करते, खरोखर फाइल उघडते, खरोखर छपाईही करते. त्याला स्वतःचे लोखंड आणि तारा नाहीत, एवढेच. ते दुसऱ्याच्या घरात राहते. म्हणून मी त्याला मनातल्या मनात 'बिऱ्हाड' म्हणतो.

जुन्या पुण्यातला एखादा वाडा आठवा. वाडा एक, मालक एक, पण आत दहा बिऱ्हाडे. प्रत्येकाची चूल वेगळी, देव वेगळे, दाराची कडी वेगळी. आतल्या माणसाला आपले घर पूर्ण वाटते. वाड्याचा दिवाणजी कोणाला किती खोल्या, कोणाची नळावर पाळी केव्हा, हे ठरवतो आणि एकाच्या भांडणाचा त्रास दुसऱ्याला होऊ देत नाही. संगणकात या दिवाणजीला हायपरव्हायझर म्हणतात. मूळ संगणक तो यजमान. आत राहणारी प्रणाली ती पाहुणी. आणि एका बिऱ्हाडाचे सारे चंबूगबाळे, म्हणजे त्याची संपूर्ण हार्ड डिस्क, यजमानाच्या दृष्टीने एक मोठी फाइल असते. ती उचलून दुसऱ्या वाड्यात नेली की बिऱ्हाड तेथे जसेच्या तसे थाटले जाते. आद्य शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा आपण लहानपणी ऐकतो. येथे तो चमत्कार रोज घडतो.

आणि ही कल्पना काही कालची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधकांनी १९६७ सालीच सीपी-४० नावाच्या प्रणालीत एका यंत्रावर एका वेळी चौदा अशी बिऱ्हाडे थाटून दाखवली होती. त्या काळी एकेक संगणक खोलीएवढा असे आणि त्याची किंमत छातीत धडकी भरवणारी. तेव्हा एकच यंत्र वाटून घेण्याखेरीज गत्यंतर नव्हते. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ही विद्या बाजारात आणली. पुढे घरगुती संगणक स्वस्त झाले. ज्याला त्याला स्वतंत्र बंगला मिळाल्यावर वाड्याची आठवण कोण काढतो? शिवाय या घरगुती संगणकांच्या प्रोसेसरची घडणच अशी होती की पाहुण्याने दिलेल्या काही आज्ञा दिवाणजीच्या नजरेतून निसटत. व्हीएमवेअर या १९९८ साली स्थापन झालेल्या कंपनीने त्या आज्ञा चालता चालता बदलून टाकण्याची युक्ती काढली आणि १९९९ मध्ये आपला प्रोग्रॅम विकायला आणला. मग इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच दिवाणजीसाठी स्वतंत्र सोय केली. इंटेलच्या सोयीचे नाव व्हीटी-एक्स, एएमडीच्या सोयीचे एएमडी-व्ही. आज दुकानात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरमध्ये ती असते.

हे सारे ऐकून मी मोठ्या आत्मविश्वासाने साताऱ्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मला आधी एक काळा, आतून लालनिळे दिवे लुकलुकणारा संगणक दाखवला. "घ्या सर, गेम नुसते पळतात!" मी म्हटले, "मला गेम पळवायचे नाहीत, शब्द धरून ठेवायचे आहेत." त्याचा चेहरा पडला. मग त्याने एक लॅपटॉप काढला. काय त्याचे रूप! वहीएवढा पातळ, पंख्याचा आवाज नाही, बॅटरी दिवसभर टिकणारी. रॅम सोळा जीबी. मी पैसे काढण्याच्या बेतात होतो. पण बुद्धी झाली आणि आमच्या प्राध्यापिकेला फोन केला.

"सर, प्रोसेसर कोणता आहे?"

मी नाव वाचून दाखवले.

"नको! तो आर्म जातीचा आहे. त्यात तुमची एक्सपी नांदायची नाही."

घरी आल्यावर तिने समजावले ते असे. प्रोसेसरला आज्ञा कळतात त्या एका ठराविक भाषेत. विंडोज एक्सपी बोलते ती इंटेल आणि एएमडी यांच्या घराण्याची, एक्स८६ नावाची भाषा. मोबाइलमधले प्रोसेसर, २०२० नंतर अॅपलने आपल्या संगणकांत बसवलेले स्वतःचे प्रोसेसर आणि विंडोजच्या काही नव्या लॅपटॉपांतले प्रोसेसर हे आर्म नावाची दुसरीच भाषा बोलतात. वाड्यातला दिवाणजी बिऱ्हाडांना जागा देतो. तो दुभाष्या नव्हे. पाहुणा आणि यजमान यांची मातृभाषा एकच असली पाहिजे. निराळी असेल तर प्रत्येक वाक्य भाषांतर करून सांगणारा दुभाष्या मध्ये बसवावा लागतो. असे दुभाषे आहेत, क्यूईएमयू नावाचा तर फारच नामांकित. पण भाषांतरात वेळ जातो आणि काम रेंगाळते. उलट, आर्मसाठीच बनवलेली लिनक्स पाहुणी म्हणून ठेवायची असेल तर त्याच देखण्या लॅपटॉपवर ती सुखाने नांदते. म्हणजे दोष लॅपटॉपचा नव्हता. मी पाहुणा कोण ते न सांगता वाडा बघायला निघालो होतो.

तेव्हापासून तिच्या सांगण्यावरून मी आधी कागद-पेन्सिल घेतली. संगणकाची निवड दुकानात करायची नसते; ती घरी, पाहुण्यांची यादी करून करायची असते. माझी यादी अशी: एक विंडोज एक्सपी, सरांच्या फाइली उघडण्यासाठी. एक लिनक्स, त्या फाइलींतला मजकूर युनिकोडमध्ये उतरवण्याचे जे छोटे प्रोग्रॅम ती लिहून देणार होती, त्यांच्यासाठी. आणि दोन्ही एकाच वेळी उघडी, कारण इकडचे तिकडे ताडून पाहायचे. तिची स्वतःची यादी निराळी. तिच्या विद्यार्थ्यांना संगणकांचे जाळे शिकावे लागते. त्यासाठी तीन लिनक्स आणि एक विंडोज ११ अशी चार बिऱ्हाडे एकदम चालवायची.

आता या लेखातला मुख्य मुद्दा. वाड्यात एकच नळ असला तरी दहा बिऱ्हाडांचे भागते. पाळ्या लावल्या की झाले. पण खोली पाळीने वापरता येत नाही. एका खोलीत एक कुटुंब झोपले असताना तीच खोली दुसऱ्याला देता येत नाही. संगणकात प्रोसेसर हा नळ आहे आणि रॅम म्हणजे खोल्या. प्रोसेसर थोडा कमी ताकदीचा असेल तर पाहुण्यांना जरा थांबावे लागेल, इतकेच. रॅम कमी पडली तर पाहुण्याला ओसरीवर झोपवावे लागते, म्हणजे त्याचे सामान रॅममधून डिस्कवर हलवावे लागते. आणि मग नुसती उचलठेव करण्यातच सारा वाडा थकून जातो. दुकानदार मात्र बोलतो ते प्रोसेसरच्या वेगाबद्दल आणि ग्राफिक कार्डाबद्दल. बिऱ्हाडे ठेवणाऱ्याने दुकानात पहिला प्रश्न विचारावा तो खोल्या किती, हा. दुसरा प्रश्न, पुढे वाढवता येतील का, हा.

हिशेब सोपा आहे. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्ट किमान चार जीबी रॅम सांगते. पण किमान म्हणजे जेमतेम. यजमानाने स्वतःसाठी आठ जीबी राखावी. एक्सपीची भूक अगदी माफक. २००१ साली ती आली तेव्हा १२८ एमबी म्हणजे चैन होती. तिला एक जीबी दिली तरी ती तृप्त. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सला चार जीबी. आठ, एक आणि चार मिळून तेरा. म्हणून मला सोळा जीबी पुरे. आमच्या प्राध्यापिकेचे गणित: यजमान आठ, तीन लिनक्सच्या मिळून बारा, विंडोज ११ च्या पाहुणीला आठ, एकूण अठ्ठावीस. तिला बत्तीसच्या खाली भागणार नाही. ज्याला एखादीच एक्सपी चालवायची आहे, त्याला घरातला आठ जीबीचा संगणकही पुरेल. त्याने उगाच खर्चात पडू नये.

वाढवता येण्याचा प्रश्न विशेषतः लॅपटॉपच्या बाबतीत विचारावा. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ फलकावरच डाखवून टाकलेली असते. आज घेतली तेवढी जन्मभर. ज्या लॅपटॉपात रॅमच्या पट्ट्या बसवायच्या खाचा असतात, त्यात आज एक आणि पुढल्या दिवाळीला दुसरी पट्टी घालता येते. टेबलावरच्या संगणकात तर सहसा दोन किंवा चार खाचा असतात. शिवाय त्याला हवा चांगली खेळते. चार बिऱ्हाडांची चूल एकदम पेटली की पातळ लॅपटॉप तापतो आणि जीव वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. मी म्हणून टेबलावरचाच घेतला. त्याला यूपीएस मात्र जोडला पाहिजे. पाहुणा लिहीत असताना वीज गेली तर त्याची ती एकुलती एक मोठी फाइल बिघडू शकते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा त्याचा गुण कबूल केला पाहिजे.

प्रोसेसरचे पाहायचे ते असे. त्यात गाभे किती? गाभा म्हणजे स्वतंत्र काम करणारा एक नळ. चार गाभ्यांवर माझ्यासारख्याचे निभते. सहा किंवा आठ असले तर चार बिऱ्हाडांनाही घाई होत नाही. पाहुण्याला जरूर तेवढेच गाभे द्यावेत. एक्सपीला एक पुरतो. सगळे गाभे पाहुण्याला देऊन टाकले तर यजमानाचीच कुचंबणा होते.

तिसरी गोष्ट डिस्क. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क म्हणजे वाड्याचा एकच अरुंद जिना. एक बिऱ्हाड चढत असताना दुसऱ्याने खाली थांबायचे. तबकडीवरची सुई एकदा एका पाहुण्याच्या फाइलीकडे, एकदा दुसऱ्याच्या, अशी येरझारा घालून हैराण होते. एसएसडीमध्ये फिरते काही नाही, सुई नाही, त्यामुळे येरझारही नाही. रॅमखालोखाल पैसे खर्चावेत ते येथे. जागा किती? एक्सपीला वीस जीबी ठेवले तरी उरतात, लिनक्सला पंचवीस ते तीस, विंडोज ११ ला किमान चौसष्ट. शिवाय पाहुण्याची आजची स्थिती जशीच्या तशी गोठवून ठेवता येते; काही बिघडले की पुन्हा त्या क्षणाला परतायचे. ही सोय सोन्यासारखी, पण तीही जागा खाते. ५१२ जीबीत माझे भागले; चार बिऱ्हाडवाल्याने एक टीबी घ्यावी. जुनी फिरती डिस्क फेकू नये, तिच्यावर प्रती ठेवाव्यात. ग्राफिक कार्डावर अशा कामासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही.

ज्यांना नवा संगणक परवडत नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. कचेऱ्यांतून बदलले जाणारे, चार गाभ्यांचे वापरलेले संगणक बाजारात स्वस्तात मिळतात. त्यांत रॅमची एक पट्टी आणि एक एसएसडी घातली की शिकण्यापुरता वाडा उभा राहतो. विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि विंडोज ११ फार जुन्या प्रोसेसरला आपले म्हणत नाही. तेव्हा अशा यंत्रावर यजमान म्हणून लिनक्सच बसवावी. तिच्यात केव्हीएम नावाचा दिवाणजी २००७ पासून घरचाच आहे.

मी शेवटी घेतला तो सहा गाभ्यांचा, सोळा जीबीचा आणि दोन खाचा मोकळ्या असलेला एक साधा, दिवे न लुकलुकणारा संगणक. घरी आणून व्हर्च्युअलबॉक्स हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चढवला, एक्सपीचे बिऱ्हाड मांडले आणि कळ दाबली. ढिम्म! पडद्यावर सूचना आली की प्रोसेसरची व्हीटी-एक्स सोय बंद आहे. मला वाटले, फसलो. फोनवर प्राध्यापिका शांतपणे म्हणाली, "सर, सोय आहे, कुलूप लावलेलं आहे." पुष्कळ संगणकांत ही सोय विकतानाच बंद ठेवलेली असते. संगणक चालू होता होता एफ-२ किंवा डिलीटची कळ दाबून बायोस नावाच्या मूळ व्यवस्थेत शिरायचे आणि ती चालू करायची. एएमडीच्या संगणकात तिचे नाव एसव्हीएम असे लिहिलेले असते. चालू आहे की नाही हे दुकानातच पाहता येते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरच्या पानावर व्हर्च्युअलायझेशनपुढे काय लिहिले आहे ते वाचायचे. दोन मिनिटांचे काम आहे. मी ते केले नव्हते.

मग एक्सपी उठली, पण खिडकीच्या खालच्या कडेला एक हिरवे कासव दिसू लागले आणि चालही कासवाचीच. त्याचा अर्थ असा की विंडोजचा स्वतःचा दिवाणजी आधीच कामावर हजर होता आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखाली काम करावे लागत होते. एका वाड्यात दोन दिवाणजी! विंडोज ११ आपल्या सुरक्षिततेसाठी हा घरचा दिवाणजी पुष्कळदा जागा ठेवते. आमचे काम हलके, म्हणून आम्ही कासव तसेच राहू दिले. पण ज्यांना वेग हवा त्यांनी दोघांपैकी एकच ठेवावा.

नव्या संगणकाला तबकडीचा खण नव्हता. बाहेरून जोडायचा खण उसना आणला. सरांचे प्रोग्रॅम चढवले. मग ते बोटाएवढे कुलूप खोबणीत खोचले आणि व्हर्च्युअलबॉक्सला सांगितले की हे उपकरण यजमानाने घेऊ नये, पाहुण्याला द्यावे. ते कुलूप आणखी जुन्या, प्रिंटरच्या रुंद खोबणीत बसणाऱ्या जातीचे असते तर आमची मोठी पंचाईत झाली असती. तशी खोबण आजच्या संगणकांना नसतेच. एक खबरदारी मात्र घेतली. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली आहे; तिला इंटरनेटवर सोडणे म्हणजे दार सताड उघडे टाकून झोपणे. म्हणून पाहुणीची जाळ्याची तार आम्ही तोडून टाकली. फाइली आत-बाहेर नेण्यापुरते एक सामाईक कपाट ठेवले.

आणि सरांची फाइल उघडली. मराठीत.

पुढचे काम लिनक्सच्या बिऱ्हाडात झाले. जुन्या टंकात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार जुन्या टंकात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. प्राध्यापिकेच्या प्रोग्रॅमने बहुतेक सारे नीट लावले. जोडाक्षरांशी जेथे गफलत झाली तेथे मी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून ताडून पाहिले. दोन महिने रोज रात्री हेच केले.

कोजागिरीला काकूंना घरी बोलावले आणि पडद्यासमोर बसवले. 'चाडे' हा शब्द काढला. पाभरीवरचे ते पेल्यासारखे लाकडी पात्र, ज्यात मुठीने बी सोडतात आणि ते नळ्यांतून मातीत उतरते. सरांनी खाली 'चाड्यावर मूठ धरणे' म्हणजे पेरणीला लागणे, असे दिले होते; आणि प्रत्येक शब्दाखाली कोणी सांगितला त्याची नोंद असे, तशी येथेही होती. 'सांगणार: घरातूनच.'

काकू बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या तोंडचा शब्द तो. मी कधी बोलले असेन स्वयंपाक करताना. ह्यांनी लिहून ठेवला, मला सांगितलंसुद्धा नाही." आणि थोड्या वेळाने, "हे आता पुन्हा जाणार नाही ना रे?"

यंत्रे जाणारच, काकू, असे मी त्यांना खरे ते सांगितले. हा संगणकही सात-आठ वर्षांत माळ्यावर जाईल. पण शब्द आता युनिकोडमध्ये आहेत, ते कोठेही वाचता येतील. आणि सरांचा सबंध जुना संगणक, त्याच्या हिरव्या टेकडीसकट, आता एक फाइल आहे. तिच्या तीन प्रती केल्या आहेत. एक माझ्याकडे, एक महाविद्यालयात, आणि ही तिसरी तुमची.

काकूंनी ती डिस्क घेतली आणि पिशवीतल्या शिवणाच्या डब्यात, त्या कुलपाच्या जागी, ठेवून दिली.